क्रेनवरची सोयरीक

देवासच्या मराठी मंडळात गणपतीचं नाटक ठरवायची एक रीत आहे, आणि ती मोठी निर्दयी. मंडळ चालवणाऱ्या अक्कांच्या पुढच्या खोलीत लेखकानं सगळ्यांसमोर बसून नाटक वाचायचं. पहिला अंक संपेपर्यंत चहा येत नाही. पण मधेच कुणी चहा मागितला, की नाटक पडलं. भांडण नाही, चर्चा नाही. कागद गुंडाळा आणि कप उचला.

मार्तंडाची दोन नाटकं अशी चहात बुडालेली. यंदाचं तिसरं. हेही पडलं तर पुण्याहून छापील नाटक मागवायचं, असं अक्कांनी आधीच बजावलं होतं.

मार्तंड गिअरच्या कारखान्यात मशीनवर. हप्त्याचे सहा दिवस तेल, लोखंड आणि भोंगा. रविवारी मात्र गडी नखं घासून, डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेला झब्बा चढवून लिहायला बसायचा. बायको, विद्युल्लता, विचारायची, "अहो, नाटक लिहिताय की सत्यनारायण घालताय?" तो काही हसायचा नाही. त्याच्या नाटकात धारचे सरदार, त्यांच्या तलवारी, त्यांच्या मानी लेकी. आणि मराठी अशी की आता ती फक्त लग्नपत्रिकेत उरलीय.

तर त्या शनिवारी संध्याकाळी वाचन सुरू झालं. सरदारसाहेब कुलाच्या अब्रूपर्यंत पोचले, तोच अक्कांचे दीर बापू खाकरले आणि हळूच म्हणाले, "अक्का, आलं घातलंय का चहात?"

झालं. मार्तंडानं कागद मिटले. तोंड कडू झालं होतं, पण उठून जायची रीत नाही. कुणीतरी विषय बदलायचा म्हणून विचारलं, आज उशीर कसा झाला. मग तो सांगत बसला.

कारखान्यात उमाशंकर म्हणून एक क्रेन चालवणारा. पाळी संपता संपता त्याची क्रेन बिघडली आणि तो वरच्या केबिनमध्ये अडकला. तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर सरदारपूरहून मुलाकडच्यांचा फोन. लेकीचं ठरायचं होतं, आणि त्यांना हो की नाही, आत्ताच्या आत्ता हवं होतं. खाली मशिनी धडधडताहेत, वरचं अक्षर ऐकू येत नाही. मग उमाशंकर हातानं विचारतोय आणि खालून सगळं खातं हातानं सांगतंय. माल उचलायच्या, उतरवायच्या, थांबवायच्या ज्या खुणा असतात ना, त्यांनीच. वऱ्हाडी जास्त सांगतात? उतरव. लग्न दिवाळीआधी? थांब. मुलगा नोकरीला आहे? उचल रे भिया, उचल. एकानं तर नुसती पाठ खाजवली, तर उमाशंकरनं दोन गावांची वरात कबूल करून टाकली.

हे सांगताना मार्तंड उभाच राहिला होता. हात वर, मान वर, अर्धी हिंदी, अर्धी मराठी. थांबला तेव्हा बापूंच्या चहावर साय धरली होती.

अक्का म्हणाल्या, "हे लिही. पुढच्या शनिवारी वाच."

"अक्का, हे नाटक नाही. ही ड्यूटी आहे."

"बरं. मग पुण्याला कळवते."

वाचनाला विद्युल्लताही आली होती; दोघं घरी निघाली. घराशी आल्यावर तो तिला म्हणाला, "सहा दिवस मी मशीनवाला. एक रविवार काय तो माझा. तिथेही कारखानाच आणायचा, तर माझं राहिलं काय?"

तिनं कुलूप काढलं, चपला काढल्या. मग म्हणाली, "रविवारी तुम्ही लिहिता ना, तेव्हा तोंडाकडे बघवत नाही तुमच्या. मघाशी क्रेनचं सांगताना मात्र बघतच होते मी."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो उमाशंकरसमोर डबा घेऊन बसला. तुझी गोष्ट नाटकात घालू का, विचारलं. उमाशंकरला आधी आपलं काम कोण करणार याचीच काळजी. पियूष करेल, मंडळातला देखणा पोरगा, म्हटल्यावर खूश झाला. व्याह्यांची थट्टा नको, एवढी अट घातली.

"और ऊपर अकेले में क्या सोच रहे थे?" मार्तंडानं सहज विचारलं.

उमाशंकर पोळीचा तुकडा हातात धरून बसला. म्हणाला, "सोचा, मशीन ठीक न हो थोड़ी देर. नीचे उतरा तो लड़की गई समझो."

मार्तंड हा किस्सा शनिवारपासून चार जणांना हसत हसत सांगून बसला होता. हे काही त्याला दिसलंच नव्हतं. त्यानं विचारलं, मग हो कधी म्हणालास? आणि कुणाच्या खुणेवर? उमाशंकर म्हणाला, खाली बघितलंच नाही मी तेव्हा.

भोंगा झाला. मार्तंड मशीनवर गेला, पट्टा सुरू केला, आणि त्या धडधडीत नव्या नाटकाचं पहिलं वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं. शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. एक शब्द जड वाटला. तो काढून त्यानं परत म्हटलं.