सिक लीव्हवर लागलेला चेंडू

माझा नवरा जयप्रकाश खोटं बोलण्यात अगदीच कच्चा. छातीवर शिवणीचा ठसा असलेलं काळंनिळं वर्तुळ घेऊन घरी आला आणि म्हणाला, ऑफिसच्या कपाटाची मूठ लागली. कपाटाच्या मुठीला शिवण असते हे मला नव्यानंच कळलं. पण त्या दिवशी भांडायचा कंटाळा आला होता, म्हणून मी सोडून दिलं.

दीड महिन्यात त्याचे पाय सुजले. इथं आखातात, अरादच्या आमच्या घराचे दोन जिने चढताना तो चारदा बसायला लागला. मी ओवा दिला, पोटावरून टोमणे मारले आणि शेवटी मनामाला हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर सुमय्यांनी तपासून सांगितलं, हृदयातल्या एका झडपेचे दोर तुटलेत, रक्त उलटं फिरतंय. जंतुसंसर्ग असेल तर आधी काही आठवडे इंजेक्शनं. मार लागला असेल तर लगेच ऑपरेशन, कारण थांबलो तर हृदय ताणत जाईल. मार लागला होता का?

जयप्रकाश म्हणाला, नाही.

कारण पलंगाशी संत्री घेऊन त्याचा साहेब अर्सलान उभा होता. सिक लीव्ह टाकून क्रिकेट खेळल्याचं त्याला कळलं तर नोकरी खलास, व्हिसाही खलास. जीव गेला तरी चालेल, रजेचा अर्ज खरा ठरला पाहिजे, असा हा माणूस. मला मात्र तो जिवंत हवा होता.

"डॉक्टर, हा खोटं बोलतोय," मी म्हणाले. "चेंडू लागलाय. शिवणीचा ठसा मी पाहिला आणि गप्प बसले."

अर्सलाननं संत्री खाली ठेवली. "भाभी, उस मॅच में अंपायर मेरा साला था. मुझे उसी शाम पता चल गया था."

म्हणजे माहीत नव्हतं ते फक्त डॉक्टरांना. अर्सलान खालमानेनं म्हणाला, आताची सिक लीव्ह तरी खरी आहे, मंजूर.

ऑपरेशन पाच तास चाललं. मी बाहेर बसून शिव्यांची उजळणी केली, कारण रडायला लागले असते तर थांबले नसते. सुमय्यांनी नवी झडप बसवली नाही. नवे दोर घालून त्याचीच दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. पुटपुटला,

"रागावलीस?"

"हो," मी म्हणाले आणि त्याचा हात धरला.

भेटीची वेळ संपली म्हणून नर्स दोनदा सांगून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला सांगितलं, माझा राग अजून संपलेला नाही.