शाहिअहमद हजरतांचं चरित्र

मिन्हाजने पाचशे इमामांची चरित्रं लिहिली आणि पाचशे घरांशी वैर घेतलं. आपल्याकडे इमाम मेला की लगेच संत होतो. जुनी चरित्रं वाचली तर कझानच्या आसपास भित्रा किंवा खादाड इमाम कधी जन्मलाच नाही असं वाटावं. मिन्हाजने पहिल्याच खंडात ठणकावलं होतं, की माणूस लिहायचा तो त्याच्या चुकांसकट. आता पाळी आली होती त्याच्या स्वतःच्या वडिलांची, शाहिअहमद हजरतांची.

वडिलांची ती गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. इस्हाक रोज मशिदीत यायचा, रोजे धरायचा. पण त्याच्या आजोबांना कधीकाळी जबरदस्तीने बाप्तिस्मा दिलेला, म्हणून झारच्या सरकारी वहीत तो ख्रिस्ती, नाव याकोव. तो मेला तेव्हा शाहिअहमद हजरतांनी जनाज्याची नमाज पढायला नकार दिला. वहीतल्या ख्रिस्त्याला मुसलमान म्हणून पुरणं गुन्हा होता; पढले असते तर इमामकी गेली असती, कदाचित तुरुंगवासही घडला असता. चौथ्या दिवशी पाद्री आला आणि इस्हाकला क्रुसाखाली पुरून गेला.

हे लिहायलाच हवं होतं. पण आधी इस्हाकच्या बहिणीला विचारावं म्हणून मिन्हाज गावी गेला. बिबिसारा आपाने सत्तरी ओलांडली होती. तिने चहासाठी समोवार पेटवला, तळलेल्या गरम बाउरसाकची थाळी पुढे सरकवली.

"लिही की! शाई तुझी, बाप तुझा. मला कशाला विचारतोस?"

"तुमची परवानगी हवी, आपा."

"दिली. आता माझं एक काम कर." तिने उशीखालून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. मिन्हाजनेच केलेला एका अरबी कवितेचा अनुवाद होता तो. "नात वाचून दाखवते मला. माती मेलेल्याकडे कागद मागत नाही, असं लिहिलंयस. खरं ना?"

"कवीचं म्हणणं आहे ते."

"कवी गेला मरून. मी तुला विचारतेय. चल कबरीवर, नमाज पढ. आता कायदा बदललाय, पोलीस काही करत नाहीत. तीस वर्षं माझा भाऊ नमाजेवाचून पडलाय रे."

मिन्हाजने हातातला घास थाळीत परत ठेवला. क्रुसाखालच्या कबरीवर नमाज पढली तर ही गोष्ट बाहेर फुटणार, आणि पाचशे घरं तर त्याची एक चूक शोधतच बसली होती. मग त्याला ग्रंथ आठवले. कबरीवर नमाज पढता येते, पण देह मातीत मिसळायच्या आत. ग्रंथ नंतर आठवले, आधी लोक आठवले, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"दुआ मागतो, आपा. म्हणाल तितका वेळ. नमाज मात्र आता नियमात बसत नाही."

"दुआ मी रोज मागते. त्याला विद्वान कशाला लागतो?" तिने त्याचा पेला पुन्हा भरला. "तुझा बाप इथंच बसला होता. त्याच्याही नियमात बसत नव्हतं. खाण तशी माती."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. चहा कसाबसा संपवून तो निघाला.

घरी येऊन त्याने चरित्र एका बैठकीत पुरं केलं. इस्हाकचं नाव लिहिलं, नकार लिहिला, पाद्रीही लिहिला. शेवटी मुलाबाळांची नोंद करायची असते. तिथे त्याने लिहिलं:

'एक मुलगा, मिन्हाज. त्याच मयताची नमाज त्यानेही नाकारली. वडिलांना तुरुंगाचं भय होतं, मुलाला लोकांचं.'