भीतीला लागलेली भूक

माझा रंग एकेकाळी पांढराशुभ्र होता, मित्रांनो. आता तो पिवळट पडला आहे आणि दाराच्या कडेला स्क्रूची भोके आहेत. मी एक जुना फ्रीज आहे. रोमानियातल्या कोळशाच्या खोऱ्यात, एका चाळवजा इमारतीच्या वरच्या मजल्यावर, छोट्याशा स्वयंपाकघरात माझे सारे आयुष्य गेले.

नदीकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मला या घरात दोघांनी पाठीवर आणले. एक त्रायान, घरधनी. दुसरा साबिन, त्याचा मेहुणा. दोघेही खाणकामगार. मला खाली ठेवल्यावर साबिन धापा टाकत बहिणीला म्हणाला, "सावेता, आधी आम्हाला वाढ. हा काही आता कुठे पळून जात नाही."

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. शेजारणी मला बघायला यायच्या, दार उघडून गार हवेत तोंड घालायच्या. माझ्या पोटात मेंढीच्या दुधाचे चीज असायचे, आंबवलेल्या कोबीची बरणी असायची, त्यांच्या छोट्या लेकीचे, इलिंकाचे, दूध असायचे. माझ्यासमोरच खिडकी होती. खिडकीतून खाणीवरचे मोठे चाक दिसायचे. माणसांना खाली नेणारे आणि वर आणणारे ते चाक. ते फिरत असले की सगळे ठीक. ते भलत्या वेळी थांबले आणि भोंगा वाजला, की जिन्यावरची सगळी दारे एकदम उघडायची.

एका शरद ऋतूत भोंगा साबिनसाठी वाजला. खाली वायूचा स्फोट झाला होता. त्याला वर आणायला फार वेळ लागला. शेजाऱ्यांनी डबे भरभरून जेवण पाठवले आणि ते सगळे माझ्या आत ठेवले गेले. दफन झाले, माणसे पांगली. दुपारी सावेता एकटीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने दार उघडले आणि खिमा भरलेले कोबीचे गार रोल हातानेच खायला सुरुवात केली. एक संपला की दुसरा. तिची नजर माझ्यावर होती, पण ती मला पाहत नव्हती. ती काय खाते आहे हेही तिला कळत नव्हते. मी आजवर पुष्कळ भुकेली माणसे पाहिली होती. ही भूक तशी नव्हती. मला तिची भीती वाटली.

मग ते रोजचेच झाले. त्रायान पाळीवर गेला की सावेता खिडकीशी जायची, चाक बघायची आणि माझ्याकडे यायची. मक्याच्या पिठाची गार झालेली घट्ट मामालिगा, चीज, डुकराच्या चरबीचे खारवलेले तुकडे, आलुबुखाऱ्याचा मुरंबा. सगळे उभ्याउभ्या. मधेच तोंड भरलेले असताना ती थबकायची आणि कान टवकारायची. माझी मोटर सुरू झाली तरी दचकायची. खाऊन झाले की चमचा धुऊन पुसून जागेवर ठेवायची, म्हणजे कोणाला कळू नये. आधी भीतीने खायचे, मग खाल्ल्याची भीती.

हळूहळू तिला माझ्या खालच्या कप्प्यापर्यंत वाकता येईना. बाजारातून येताना ती प्रत्येक मजल्यावर पिशवी खाली ठेवून थांबायची. समोरच्या दारातली दोम्निका मोठी तिखट. तिचाही नवरा खाणीतच.

"काय गं सावेता, पलटणीचा स्वयंपाक करतेस की काय? तुझ्या फ्रीजचं दार आमच्याकडे ऐकू येतं, दिवसभर खडाक खडाक."

सावेता हसायची. आणि त्या दुपारी आणखी खायची.

शेवटी एक दिवस त्रायान कडीकोयंडा घेऊन आला. त्याने माझ्या दाराला भोके पाडली. मी थरथरलो, पण तो तरी काय करणार? त्याला बायकोची धाप ऐकवत नव्हती.

"तुझ्या भल्यासाठीच करतोय," तो म्हणाला.

"माझं भलं करायचं तर त्या खाणीत जाऊ नकोस."

"मग खायचं काय आपण?"

"बघ. तूही खाण्याचंच बोलतोस."

तो कुलूप लावून, किल्ली खिशात घालून कामावर गेला. सावेता माझ्या कुलपावर हात ठेवून उभी राहिली.  मग तिने फळीवरचा डबा काढला आणि नुसती साखर चमच्याने खाल्ली. तीही संपल्यावर स्क्रूड्रायव्हर शोधला. संध्याकाळी त्रायान आला तेव्हा कुलूप टेबलावर पडले होते.  त्याने कोयंडा काढून टाकला. भोके मात्र राहिली.

मग हिवाळ्यातला तो दिवस आला. भर दुपारी चाक थांबले आणि भोंगा वाजू लागला. जिन्यात दारे आपटली, पावले धडधडत खाली गेली. सावेताने माझे दार उघडले, पावाचा तुकडा तोंडात कोंबला, लगेच थुंकला आणि धावली. दार तसेच सताड उघडे राहिले. तिची जड पावले मला एका मजल्यापर्यंत ऐकू आली. मग काहीतरी धपकन पडले.

इलिंका त्याच वेळी शाळेतून आली असावी. तिचा आवाज आला, "आई, ऊठ ना. आई."

"मला... नाही जमत," सावेताच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. "तू जा. बाबांना बघून ये."

"एकटी?"

"जा, बाळा."

तिचे छोटे बूट खाली उतरत गेले आणि ऐकू येईनासे झाले. इमारतीत कोणीच उरले नव्हते. माझा दिवा जळत होता, थंडावा निघून जात होता, पाणी जमिनीवर ठिबकत होते. जिन्यात ती बाई श्वासासाठी झगडत होती आणि मला हाकसुद्धा मारता येत नव्हती. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

अंधार पडायच्या आत सगळे आले. त्रायानच्या डोक्याला पट्टी होती, पण तो स्वतःच्या पायांनी चालत होता. दोम्निकाने सावेताला धरून आणले होते. इलिंकाने बापाचे बोट सोडले नाही.

"तिथे सगळ्यांच्या आया होत्या," ती म्हणाली. "एका काकूंनी विचारलं, तुझ्याबरोबर कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही."

सावेताने तिला जवळ ओढून तिचे बूट काढले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई त्रायानची जखम बघायला आल्या. जाताजाता त्यांनी सावेताच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब तपासला. मग पुन्हा तपासला.

"यांच्या डोक्याची मला काळजी नाही," त्या म्हणाल्या. "तुमची आहे."

"कळतं हो मला. कमी खायला हवं."

"ते नंतर. भूक लागते ती नक्की कुठे? हात ठेवून दाखवा."

सावेताचा हात गळ्याच्या खाली, छातीवर गेला.

"पोट तर इथं खाली असतं, बाई," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सावेताने हात खाली घेतला. मग म्हणाली, "तोंड चालू असलं ना, की भोंगा वाजणार नाही असं वाटतं मला. वेडेपणाच आहे."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. उपाशी राहायचे नाही, त्या म्हणाल्या. वेळेवर, ताटात वाढून, बसून जेवायचे. आणि छातीत ती भूक सुरू झाली की एकटे थांबायचे नाही, कोणाला तरी सांगायचे.

"कोणाला सांगू?"

"समोर कोण राहतं?"

"दोम्निका? तिची जीभ म्हणजे कात्री आहे."

"कात्री तर कात्री. माणूस आहे ना?"

त्रायान पुन्हा कामावर गेला त्या दिवशी सावेताने मला उघडले, मिटले, परत उघडले.  मग ती मला मिटून जिन्यात गेली. दोम्निका गुडघ्यांवर बसून पायऱ्या घासत होती.

"दोम्निका, मला भीती वाटते गं."

ब्रशचा आवाज थांबला. मला वाटले, आता टोमणा येणार.

"मग मी काय हौसेनं घासते का हा जिना?" दोम्निका म्हणाली. "हे बघ हात. कातडं निघालंय. तो वर येईपर्यंत मला बसवतच नाही." ब्रश बादलीत टाकून ती म्हणाली, "चल, खाणीच्या फाटकापर्यंत जाऊ."

"मला नाही जमायचं तेवढं."

"मग बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत. तुझ्या दाराची खडखड ऐकण्यापेक्षा ते बरं."

त्या दिवशी दोघी कोपऱ्यापर्यंतच गेल्या. पुढे थोडे लांब, मग आणखी थोडे. दोम्निका वाटेत कुरकुरायची, पण थांबायची. एक दिवस त्या खाणीच्या फाटकापर्यंत पोहोचल्या आणि पाळी सुटताना त्रायानने बायकोला तिथे उभी पाहिली. घरी आल्यावर तो ते इलिंकाला पुन्हापुन्हा सांगत होता.

सगळे सरळ झाले असे समजू नका. ईस्टरला अक्रोडाचा गोड पाव, कोझोनाक, सावेताने एका बैठकीत जवळजवळ संपवला आणि दुसऱ्या दिवशी काहीच खायचे नाही म्हणून हटून बसली. दोम्निका सूपचे भांडे घेऊन आली. "कालचं काल झालं. बस, गार होतंय." दोघी बसून जेवल्या. वजन सावकाश उतरले, कधी थांबले, कधी चढलेही. पण पुढच्या वर्षी सावेता खाली वाकून माझा तळचा कप्पा पुसू लागली. भीती गेली नाही. फक्त आता ती जेवणाच्या टेबलाशी म्हणायची, "आज फार वाटतेय," आणि इलिंका अभ्यास सोडून तिच्या शेजारी येऊन बसायची.

मग खाण बंद झाली. चाक कायमचे थांबले. आता या घरात घाबरायला काही उरले नाही, असे मला वाटले.

एका सकाळी माझे दार उघडले. समोर सावेता नव्हती, त्रायान होता. चरबीचा तुकडा हातात धरून तो उभ्याउभ्या चावत होता आणि त्याची नजर माझ्यावर असून मला पाहत नव्हती. माझ्या अंगातून गार लहर गेली. ते डोळे मी ओळखत होतो.

तेवढ्यात सावेता बाजारातून आली आणि उंबऱ्यातच थांबली. त्रायानने हात पाठीमागे नेला.

"भूक लागली होती," तो म्हणाला.

"बरं."

तिने त्याच्या हातातले काही काढून घेतले नाही. एक ताटली काढली, पाव कापला, दोन खुर्च्या ओढल्या. "बस. ते इथं ठेव आणि नीट खा. आणि सांग."

"काय सांगू?"

"काय होतंय ते."

त्याने तुकडा ताटलीत ठेवला. "खाली असताना मला कधी भीती वाटली नाही, सावेता. आता घरात बसून वाटते. आपलं कसं होणार?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मलाही वाटते." आणि तिने आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला लावली.

ते दोघे बोलत राहिले. ताटलीतले अर्धे तसेच उरले. ते उचलून त्यानेच माझ्या आत ठेवले आणि दार हळूच लावले.

मित्रांनो, माझी मोटर आता अडखळते. किती दिवस चालेन सांगता येत नाही. तुमच्या घरी कोणी फ्रीजसमोर उभे राहून, चव न घेता खाताना दिसले, तर हसू नका, त्यांचे घास मोजू नका, दाराला कुलूप लावू नका. आणि ते कोणी तुम्हीच असाल, तर दार लावून एखाद्या माणसाकडे जा. मी त्या बाईला इतकी वर्षे रोज पाहिले, पण मला एक शब्द विचारता आला नाही. तुम्हाला येतो.