हुप्प्याचा पट्टा

वहिनींना उंचीची भीती वाटायची असं म्हणणं म्हणजे समुद्र ओला असतो असं सांगण्यासारखं आहे. स्टुलावर चढल्या की त्यांना ढग दिसायचे. उंच टाचेची चप्पल त्यांनी आयुष्यात एकदाच घातली आणि दोन पावलांवर भिंतीला मिठी मारून ओरडल्या, "मला कुणीतरी खाली उतरवा!" त्यांच्या दुकानात कंबरेच्या वर एक खिळासुद्धा नव्हता. दोऱ्यांची रिळं, दाभणं, कात्र्या, जाड पट्टीची भेंडोळी, सगळं जमिनीलगत. बल्ब गेला की शेजारचा न्हावी येईपर्यंत त्या अंधारात बसून राहायच्या.

आणि अशा बाईनं शिवायचं काय? तर उंचावर जाणाऱ्या लोकांचे पट्टे!

गावाबाहेरच्या जंगलात, नदीच्या वर, झाडांच्या शेंड्यांना बांधलेले दोन झुलते पूल होते. पहिल्या झाडाला शिडी. तिथून एक पूल मधल्या झाडापर्यंत, दुसरा मधल्यापासून शेवटच्या झाडापर्यंत, आणि तिथून उतरायला दुसरी शिडी. माकडं, पोपट आणि नशीब जोरावर असेल तर गरुडाचं घरटं बघायला लोक गाइडबरोबर वर जात. प्रत्येकाच्या कंबरेला पट्टा, पट्ट्याला आकडा आणि आकडा डोक्यावरच्या तारेत. ते निळे पट्टे वहिनी शिवत. शिवण संपली की लाल दोऱ्याचे तीन उलट टाके घालत. ती त्यांची सही. झाड मोडेल, तार तुटेल, पण वहिनींचा टाका उसवायचा नाही, असं सगळे गाइड म्हणत.

चार वर्षांपूर्वीपर्यंत म्हणत.

त्या गाइडांतला सगळ्यात जुना म्हणजे वहिनींचा नवरा. त्याला हुप्प्या म्हणत. फांदीवरची माकडं त्याला बघून सरकून जागा करून द्यायची, असं सांगणारे लोक अजून आहेत, आणि त्यांतले निम्मे तरी शुद्धीवर असतात. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं तो बायकोच्या मागे लागला होता.

"अगं, एकदा वर चल. गरुडाची पिल्लं दाखवतो. मी मागेच असेन, तू नुसतं पुढे बघ."

"अहो, मी खुर्चीवर बसले तरी पाय जमिनीला टेकवून बसते."

मग तो हसायचा. नेहमी मागून, मानेला वारा लागेल इतक्या जवळून.

त्या शेवटच्या सकाळी वहिनी त्याचाच नवा पट्टा शिवत होत्या. त्यानं पुन्हा तेच टुमणं लावलं. आदल्या रात्रीची झोप नव्हती, सुई मोडली होती, आणि त्यात हा माणूस मानेशी हसतोय. वहिनींचं डोकं फिरलं. दोरा दातानं तोडून त्यांनी पट्टा त्याच्या अंगावर फेकला. "घ्या! आणि जा लटकायला!"

दोन दिवसांनी तो नदीच्या वळणावर सापडला. अंगावर पट्टा नव्हता.

शिवण उसवली असणार, पट्टा वाहून गेला असणार. हे कुणी तोंडानं बोललं नाही. बोललेलं विसरता येतं, पण न बोललेलं कुसळासारखं आत रुतून बसतं. पट्ट्यांचं काम येत राहिलं, लोक दारात हसून बोलत राहिले. पण त्या दिवशी रागाच्या भरात आपण ते तीन लाल टाके घातले की नाही, हे वहिनींना काही केल्या आठवेना. उजव्या हाताला विचारलं, तर हात गप्प. तेव्हापासून त्या तीनऐवजी नऊ टाके घालू लागल्या. "पट्टा आहे की भरतकाम!" असं गाइड आपसात म्हणायचे.

मग एक दिवस एक पाहुणा पिशवीचा बंद शिवून घ्यायला दुकानात आला. नुकताच पुलावरून उतरला होता, त्यामुळे अंगात उत्साह मावत नव्हता. त्यानं मोबाइल वहिनींच्या नाकासमोर धरला. "हे बघा, गरुडाचं पिल्लू! परवाच्या वादळानं घरट्याची एक बाजू ढासळली ना, म्हणून आतलं दिसतंय."

पिल्लू आ वासून बसलं होतं. त्याच्या खाली, वर्षावर्षाच्या काटक्यांच्या थरांमध्ये, निळी पट्टी होती.

वहिनींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. नुसते ठिपके झाले. लाल काही दिसेना.

संध्याकाळी त्यांनी दिराला बोलावून घेतलं. हुप्प्याच्या मागे आता तोच मुख्य गाइड होता. सगळे त्याला धाकटा म्हणत.

"भाऊजी, त्या घरट्यात निळं काय आहे?"

धाकट्यानं चहाच्या कपात असं पाहिलं, जणू उत्तर तळाशी बुडालंय. "पतंगाबितंगाचा कागद असेल."

"उद्या मला वर न्या."

"तुम्हाला? वहिनी, तुम्ही दाराचा उंबरा जिना समजून ओलांडता!"

"पट्टा माझा असेल तर मलाच बघायला हवा. मी त्यांना मारलं की नाही, ते मला कळायला नको?"

धाकट्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे दोनच होते, एक दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको. धुकं होतं. नदी दिसत नव्हती, फक्त तिचा आवाज खालून येत होता. वहिनींनी धाकट्याची दुर्बीण गळ्यात अडकवली, स्वतःचा पट्टा तीनदा तपासला, मग डॉक्टरांचा, मग त्यांच्या बायकोचा.

"अहो, या शिवणाऱ्याच घाबरल्यात, मग आपलं काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी पेशंटला दुखणार नाही असं सांगतो, तेव्हा माझा चेहरा असाच असतो," डॉक्टर म्हणाले.

धाकट्यानं नियम सांगितला. तो पुढे जाणार. पूल ओलांडला की तो ओरडणार, "मागे कोण?" सगळ्यात शेवटच्या माणसानं फळीवरून पाय काढून झाडाभोवतीच्या चौथऱ्यावर ठेवला की उत्तर द्यायचं, "मागे कोणी नाही." ते उत्तर येईपर्यंत कुणी एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. तार किती जणांचं ओझं पेलतेय हे कळण्याचा तेवढाच मार्ग. पूर्वी शेवटची जागा हुप्प्याची असायची.

"शेवटी मी राहते," वहिनी म्हणाल्या. रांगत जायची वेळ आली तर कुणी बघायला नको, एवढाच त्यांचा हिशेब होता.

शिडी त्या डोळे मिटून चढल्या. किती पायऱ्या होत्या ते त्यांनी मोजलं, पण दर वेळी आकडा चुकला की पुन्हा एकपासून सुरुवात केल्यामुळे त्यांच्या मते ती शिडी सात हजार पायऱ्यांची होती. पहिल्या फळीवर पाय ठेवला तेव्हा पूल हलला, झाड हललं, पोटातला सकाळचा चहा हलला. वहिनी दोन्ही दोऱ्यांना लटकून वीत वीत सरकत राहिल्या. डॉक्टर नवराबायको मधल्या झाडापर्यंत पोचून, पाणी पिऊन, एक भांडण करून मोकळे झाले, तेव्हा कुठे वहिनींचा हात चौथऱ्याच्या खांबाला लागला.

धाकट्यानं खाली मान घालून विचारलं, "मागे कोण?"

वहिनींनी तोंड उघडलं. आणि त्यांच्या मानेमागून कुणीतरी हसऱ्या आवाजात म्हणालं, "मागे कोणी नाही!"

पाण्याची बाटली धाकट्याच्या हातातून निसटली. खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"वा! काय झकास प्रतिध्वनी आहे," डॉक्टर म्हणाले.

"प्रतिध्वनी शब्द म्हटल्यानंतर येतो," त्यांची बायको म्हणाली. "यांनी कुठे काय म्हटलं?"

धाकट्याला नवल वाटलेलं नव्हतं, फक्त रंग उडाला होता, हे वहिनींनी पाहिलं. तो घाईनं दुसऱ्या पुलावर चढला आणि त्याच्यामागे पाहुणे.

वहिनी शेवटी निघाल्या. दहा फळ्या गेल्या. अकराव्या फळीला त्यांच्या ध्यानात आलं की आपण थांबलो तरी फळ्या वाजतायत. करर्... करर्... मागून. सावकाश, सवयीच्या पायांनी. डोक्यावरच्या तारेत त्यांचा आकडा टणटणत होता आणि त्यामागे आणखी एक आकडा टणटणत होता. मान वळवायची हिंमत त्यांना झाली नाही. पुढे बघावं तर धुकं, खाली बघावं तर मरण, मागे बघावं तर... मानेला वारा लागला.

"अगं, खाली बघ. मी मागेच आहे."

चार वर्षं ज्या आवाजासाठी जीव टाकला, तो आला की माणूस काय करतं? वहिनींनी मुकाट्यानं गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि खाली पाहिलं.

धुकं फाटलं होतं. नदीवर झुकलेल्या झाडाच्या बेचक्यात घरटं, त्यात पिल्लू, आणि पिल्लाच्या पायाशी निळा पट्टा. वहिनी दुर्बिणीचं चाक फिरवत राहिल्या. हात इतका कापत होता की तीन टाक्यांचे तीस दिसत होते. मग श्वास रोखला आणि हात थांबला.

एक. दोन. तीन. लाल. एकही धागा सुटलेला नव्हता.

त्यांच्या तोंडून हुंदका निघणारच होता, पण शिवणाऱ्याचा डोळा एका जागी थांबत नाही. तो टाक्यांवरून पुढे सरकला. पट्टा अख्खा होता आणि बक्कल उघडं होतं. शिवण उसवली असती, तर बक्कल बंद राहिलं असतं. झटक्यानं तुटलं असतं, तर वाकलं असतं. हे सावकाश, दोन बोटांनी, कुणीतरी उघडलेलं होतं.

वहिनींच्या गुडघ्यांतलं कापरं एकदम थांबलं. संतापलेल्या बाईला कापायला वेळ नसतो.

"अहो!" त्या समोर बघतच ओरडल्या. "काढला होता तुम्ही? स्वतःच्या हातानं? आणि मी चार वर्षं त्या तीन टाक्यांपायी डोळ्याला डोळा लावला नाही!"

मागच्या फळ्या गप्प झाल्या. चोरी करताना पकडलेला नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो, तशा गप्प.

वहिनी ताडताड निघाल्या. पूल बिचारा त्यांना घाबरून हलायचा थांबला, असं डॉक्टर पुढे कितीतरी वर्षं पेशंटना सांगत. तेव्हा पेशंटांचं तोंड उघडं असल्यामुळे कुणाला हरकत घेता आली नाही. मागच्या फळ्याही पुन्हा वाजू लागल्या, पण जरा अंतर राखून.

शेवटच्या चौथऱ्यावर चढताच वहिनींनी धाकट्याला गाठलं.

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं."

धाकट्याचे डोळे भरून आले. "रोज काढायचा, वहिनी. अकरा वर्षं. मधल्या झाडावर पट्टा काढून कठड्याला टांगायचा, लोकांना वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, बायकोनं शिवलेला पट्टा बायकोसारखाच असतो, एकदा धरला की सोडत नाही. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मग पुन्हा घालून निघायचा. त्या दिवशी घातला की नाही, मी वळून पाहिलंच नाही. मी विचारलं, मागे कोण? तो म्हणाला, मागे कोणी नाही. पण तो आवाज इथून नाही आला, वहिनी. मधूनच आला. पुलाच्या मधून. मला कळलं होतं. तरी मी पुढे शिडीकडे चालू लागलो. मागे वळलो तेव्हा पूल रिकामा होता."

"आणि कठड्याचा पट्टा?"

"नंतर गेलो तर नव्हता. गरुडानं नेला, हे परवा घरटं फुटलं तेव्हा कळलं. तुम्हाला काय तोंडानं सांगणार होतो? तेव्हापासून रोज विचारतो, आणि रोज तोच उत्तर देतो. खोटं, वहिनी. रोज खोटं. आणि मी रोज ते ऐकून पुढे जातो."

डॉक्टर नवराबायको, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, एकाच वेळी गप्प होते.

वहिनींनी पदरानं दुर्बिणीची काच पुसली, मग डोळे. "आज अजून विचारलं नाहीत. विचारा."

"नको वहिनी."

"नियम आहे ना? विचारा."

धाकट्यानं खांब घट्ट धरला. "मागे... मागे कोण?"

या वेळी मागून उत्तर आलं नाही. ते वहिनींनी दिलं.

"आहेत. मागे आहेत. येतायत, थांबा."

नियम म्हणजे नियम. कुणी पाऊल उचललं नाही. धुक्यातून फळ्या वाजत आल्या. दहा, नऊ, आठ, अगदी निवांत, जणू येणाऱ्यासाठी चार वर्षं कुणी थांबलेलंच नव्हतं. तारेवरून आकडा सरकत आला. शेवटची फळी दबली, इतकी की डॉक्टरीणबाईंनी आपोआप सरकून जागा करून दिली. चौथऱ्यावर काहीतरी टेकलं. टण् करून आकडा तारेतून सुटला. तार एकदा हलली आणि स्थिर झाली.

वहिनींच्या मानेला वारा लागला. एकदाच.

मग, आयुष्यात पहिल्यांदा, वळून मागे पाहिलं. पूल होता, धुकं होतं, आणि खाली खोल, फार खोल, नदी होती.

"आता मागे कोणी नाही," त्या म्हणाल्या.

धाकट्यानं चार वर्षं कोंडलेला श्वास सोडला. आणि त्याच क्षणी, राग गेला, काम झालं, तेव्हा कुठे वहिनींच्या ध्यानात आलं की आपण उभे आहोत ते नक्की कशावर. त्यांनी झाडाच्या खोडाला मिठी मारली, डोळे गच्च मिटले आणि साऱ्या जंगलातले पोपट उडतील अशा आवाजात त्या ओरडल्या, "मला कुणीतरी खाली उतरवा!"

मागून कुणी हसलं नाही.