कलिंगडाचा वास

शर्टाच्या खिशात पुन्हा तेच— बोटाएवढं, निळं, गुळगुळीत, एखाद्या पोराच्या कंपासपेटीत शोभावं असं. बादलीत भिजवायच्या आधी सिद्धेश्वरीनं ते अलगद काढलं, पदराला पुसलं, आणि कुणी बघत नाही ना हे पाहून नाकाशी धरलं... कलिंगड. ऐन थंडीत कलिंगड.

लग्न झाल्यापासून या शर्टांना सिगारेटचा वास यायचा आणि ती नाक मुरडत ते धूत आली. मग नाव मृत्युंजय असलेल्या तिच्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसला, डॉक्टरांनी दरडावलं, आणि त्यानं सिगारेट सोडली— म्हणजे काय काय नाही केलं! बडीशेप चघळली, लवंगा चघळल्या. भाकरी मोडताना त्याची बोटं थरथरायची तेव्हा ती मुद्दाम शेंगाचटणीचा डबा शोधायला उठायची. शेवटी दुबईच्या भाच्यानं हे ई-सिगारेटचं खेळणं आणून दिलं. डॉक्टर म्हणाले, हेही नको. पण बोटं थांबली होती... काडेपेटी पुन्हा खिशात आली नव्हती... आणि तिनं डॉक्टरांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ट्रंकेतला त्याचा जुना स्वेटर मात्र ती कधीच धुवायला काढत नाही. त्यात अजून तो वास आहे, आणि तो आपल्याला आवडतो, हे ती देवासमोरसुद्धा कबूल करणार नाही.

"अहो, हे खिशात राहिलं बघा."

"ठेव की टेबलावर." त्यानं पेपरातून मान वर केली नाही. "आज मीटिंग हाय न्हवं तुझी?"

"हाय की."

दोघं एकाच कॉलेजात— तो भौतिकशास्त्र शिकवतो, ती वनस्पतिशास्त्र— आणि धूम्रपानबंदी समितीची अध्यक्ष ती. आवारातल्या बंदीत ई-सिगारेट धरायची की नाही, हे आज ठरायचं होतं. धरली, तर निवृत्तीपर्यंत तो ते खेळणं घेऊन गेटबाहेरच्या टपरीवर जाणार; आणि टपरीवर एकदा उभा राहिला की त्याच्या हातात शेवटी काय येईल, हे ती रात्र रात्र डोळ्यांसमोर बघत होती.

मीटिंगमध्ये जिमखान्याचे शिवराजसर तावातावानं बोलत होते. "मॅडम, मागच्या बाकावर बसून ओढायल्यात! धूर न्हाय, राख न्हाय, पकडायचं कसं? जन्मात सिगारेट धरली नाही असली पोरंपोरी शिकली यावर."

"विकायला सरकारनं बंदी घातलीच आहे की," ग्रंथपाल बसलिंगप्पा पंख्याकडं बघत म्हणाले. "आणि एखादा सिगारेट सोडायसाठी वापरत असंल... त्याचं काय करायचं?"

सगळ्यांचे चमचे एकदम कपात फिरायला लागले. म्हणजे यांना माहीत आहे. सगळ्यांना... कधीपासून? प्राचार्य अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं करू." त्या मऊपणानं तिला रडू यायला लागलं. यापेक्षा कुणी खेकसलं असतं तर बरं झालं असतं. ती कप घेऊन खिडकीशी गेली.

खाली सायकल स्टँडमागं, कडुनिंबाला टेकून, तोच. एक झुरका, मग माशी हाकलावी तशी हातानं वाफ हाकलणं— केस पांढरे झाले आणि चोरी अजून धड जमत नाही! तिला इतकं हसू आलं, इतका तो आपला वाटला, की आत वळून 'नका धरू' एवढंच म्हणायचं राहिलं होतं.

तेवढ्यात अंकिता आली— तिच्याच वर्गातली, वहीत झाडांची पानं सगळ्यात निगुतीनं चिकटवणारी. पोरीनं दप्तरातून गुलाबी रंगाचं तसलंच काढलं, सरांना पाहिलं, आणि दचकली नाही. हसली. घरचं माणूस भेटल्यासारखी हसली. त्यानं झटकन आपलं खिशात घातलं, दटावायला बोट उचललं, तोंडही उघडलं... आणि बोट तसंच खाली आलं. नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप्प करणारा हा माणूस बुटांकडं बघत उभा राहिला. इतकं ओशाळलेलं त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं, दवाखान्याच्या त्या उघड्या पाठीच्या झग्यातसुद्धा नाही.

"धरायची," ती खिडकीशी उभी राहूनच म्हणाली. "सगळ्यांना. शिक्षकांनापण."

संध्याकाळी त्यानं स्कूटर चालू केली, ती मागं बसली.

"बसलिंगप्पा बोलला मला."

"मग?"

"मग काय... बरोबर केलंस. माझं बघू की कसं जमतंय ते."

गेट मागं पडलं आणि स्कूटर हळू झाली— पुढं गतिरोधक होता आणि त्याला लागूनच टपरी. कशासाठी हळू झाली हे तिला मागून कळेना. तिनं त्याच्या पाठीला गाल टेकला. खडू, घाम, कलिंगड... इतके दिवस ती त्याच्यावर पहारा देत आली होती. खिसे चाचपत, वास घेत, न बघितल्यासारखं करत. थांबला तर, तिच्या मनात आलं, मीही उतरेन. ओरडायला नाही... नुसती शेजारी उभी राहीन, बोटं थरथरायला लागली तर धरायला. या वेळी चटणीचा डबा शोधायला उठायचं नाही.

तिनं पदर नीट खोचून घेतला, उतरायला सोपं जावं म्हणून.