बाबांना ऐकू आलेला चोक

मी चोक. मी बोलायला लागलो की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून आज जरा बेतानं बोलतो.

आमच्या घराण्यातला एक थोरला चुलता तुमच्या ओळखीचा असणार. जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत बसून घूंऽऽ करत राहायचा, तो. मी त्याच जातीचा, पण नखाएवढा. तांब्याच्या तारेचे चार वेढे, भोवती दाबून बसवलेली लोखंडाची पूड आणि वरून करडा रंग. कारखान्यातल्या यंत्रानं मला माझ्या अकरा भावांबरोबर एका ग्राफिक्स कार्डावर बसवलं. हे कार्ड म्हणजे गेमच्या कॉम्प्युटरमधला चित्रकार. पडद्यावरचं प्रत्येक चित्र तोच काढतो. त्याच्यासाठी येणारी वीज झटक्याझटक्यानं येते. ते झटके अंगावर घ्यायचे आणि वीज शांत करून पुढे पाठवायची, हे आमचं बाराजणांचं काम.

पहिल्यांदा माझ्यातून वीज गेली तो दिवस मी विसरणार नाही. माझी ती एवढीशी तार, आणि तिच्या जिवावर पडद्यावर डोंगर उभे राहिले, ढग सरकायला लागले, वळणाच्या रस्त्यावरून गाड्या सुसाट सुटल्या! मी थरारलो. घोटाळा तिथंच झाला, कारण मी खरोखरच थरारलो होतो. प्रत्येक झटक्याला माझी तार केसभर हलायची, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्याची बारीक शीळ व्हायची. माझे भाऊ गप्प असायचे. माझाच एखादा वेढा सैल राहिला असावा.

माझे मालक दातांचे डॉक्टर. संध्याकाळी दवाखाना बंद करून आले की तासभर शर्यतीचा गेम खेळायचे. त्यांनी गेम सुरू केला की मी शीळ घालायचो आणि ते कान झाकून घ्यायचे.

"दिवसभर कानाशी ड्रिल. घरी आलो तर इथंही ड्रिल!"

"अहो, दवाखाना घरी आणलात की काय?" त्यांच्या बायको आतून म्हणायच्या. "माझीच दाढ ठणकायला लागली."

अशा रीतीनं आमची वरात कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानाच्या मालकांना गिऱ्हाइकं काका म्हणतात. त्यांची मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसून काम करते, ती त्यांना बाबा म्हणते. मीही बाबाच म्हणतो.

बाबांची चाळीस वर्षं यंत्रांत गेलेली. आधी रेडिओ, मग मिक्सर, पंखे आणि आता कॉम्प्युटर. यंत्राला हात लावण्याआधी ते कान लावायचे. त्यासाठी पुठ्ठ्याची एक नळी होती, हाताळून हाताळून मऊ पडलेली. तिचं एक टोक यंत्राजवळ धरायचं आणि दुसरं कानाला लावायचं, म्हणजे रस्त्यावरचा गोंगाट अडतो आणि समोरचा आवाज तेवढा येतो. दुकानाचे दोन नियम होते. बाबांनी नळी लावली की कुणी बोलायचं नाही, आणि बाबांनी निदान सांगितलं की ते गिऱ्हाइकासमोर खोडायचं नाही.

त्या दिवशी नळी माझ्या डोक्यावर आली. मी जीव तोडून शीळ घालत होतो.

"पंखा," बाबा म्हणाले.

मुलीनं चमकून वर पाहिलं. तिला मी ऐकू येत होतो. पण समोर डॉक्टर होते. तिनं मान खाली घातली आणि पंखा बदलला.

चार दिवसांनी आम्ही परत. "मग पॉवर सप्लाय असेल," बाबा म्हणाले. तोही बदलला. आठवडाभरात आमची तिसरी खेप झाली. भर दुपार होती. डॉक्टरांनी स्वतः गेम सुरू केला. पडद्यावर नुसती सुरुवातीची यादी आली आणि मी कोकललो.

"हा बघा. आत्ता येतोय."

बाबांनी नळी इकडे लावली, तिकडे लावली. "कुठे?"

डॉक्टर भला माणूस. त्यांनी अगदी हळू विचारलं, "काका, तुम्हाला खरंच नाही का ऐकू येत?"

बाबांनी नळी कानावरून काढली. डॉक्टर मशीन ठेवून गेले.

"तुला पहिल्या दिवशीच ऐकू आला होता?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं निदान खोडायचं नाही ना, बाबा."

बाबांनी नळी खणात टाकली आणि खण लावला. "उद्यापासून या खुर्चीवर तू बस. कान गेलेल्या माणसानं आपले पंखे पुसावेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांची विद्या, आणि ती माझ्यासारख्या नखाएवढ्या चोकानं खणात घालावी! मला गप्प व्हायचं होतं. पण वीज थांबल्याशिवाय मी गप्प होणार कसा?

मुलीनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. "बाबा, इकडे बघा. चार हजार. हे कार्ड सेकंदाला चार हजार चित्रं काढतंय."

"कसली चित्रं? इथं तर नुसतं 'खेळ सुरू करा' आणि 'बाहेर पडा' लिहिलंय."

"तेच. चार हजार वेळा."

"आणि बघतंय कोण?"

"कुणीच नाही."

बाबांना हसू आवरेना. "एवढं राबवल्यावर कुणीही रडेल."

"रडतंयच ते. तुमच्या कानाच्या वरच्या पट्टीत रडतंय, एवढंच." तिनं खण उघडून नळी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "मी चित्रांवर मर्यादा घालते आणि ती उतरवत जाते. चित्रं कमी झाली की विजेचे झटके कमी होतील आणि त्याचा सूरही उतरेल. ऐकू आला की सांगा."

तिनं आकडा हजारावर आणला. बाबांनी नकारार्थी मान हलवली. नऊशे. आठशे. माझा सूर पायरी पायरी उतरत होता, आणि मीच चकित झालो होतो. माझ्याकडे खालचा आवाजही आहे हे मला आजवर ठाऊकच नव्हतं! सातशे. बाबांनी डोळे मिटले. सहाशे.

"आला," बाबा म्हणाले. मग खुर्चीतून उठलेच. "अगं, आला! हा चोक आहे!"

नळी आम्हा बाराजणांवरून सावकाश फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. "डावीकडून चौथा." त्यांनी एक लाकडी काडी घेऊन मला अलगद दाबलं. माझा आवाज दबला. काडी उचलली तसा परत आला. "हाच तो गुलाम."

"मला तर सगळ्या कार्डातून एकसारखाच येत होता," मुलगी म्हणाली. "बारांतला कोणता, ते मला कधीच कळलं नसतं."

ज्या कानांत मी शिरू शकत नव्हतो, त्याच कानांनी मला बाराजणांतून हुडकून काढलं. डोंगर आणि ढग उभे राहताना पाहिले तेव्हाही मी एवढा थक्क झालो नव्हतो.

मला गोंद लावून कायमचं गप्प करता आलं असतं. बाबा म्हणाले, "नको. एकशेवीसची मर्यादा घाल, मग नळीशिवाय तो कुणाला ऐकू येणार नाही." संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा बाबांनी सरळ सांगून टाकलं, "वरचे सूर माझ्या कानांना येत नाहीत आता. मुलीला येतात. दोन हेलपाटे तुम्हाला उगाच पडले."

"काका, पेशंट बोट दाखवतात ती दाढ कित्येकदा दुखरी नसतेच," डॉक्टर म्हणाले. "आम्हालाही शोधावीच लागते."

तेव्हापासून दुकानातला दुसरा नियम रद्द झाला. आधी मुलगी ऐकते, मग बाबा शोधतात.

आता मी घरी शांत असतो. वर्षातून एकदा धूळ काढायला दुकानात जातो. काम झालं की मुलगी मर्यादा काढते, बाबा नळी घेतात आणि आमची भेट होते. गेल्या वर्षी मी साडेपाचशेला ऐकू आलो. यंदा साडेपाचशे झाले, पाचशे झाले, तरी बाबांचे डोळे मिटलेलेच. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती आकडा उतरवत राहिली. साडेचारशेला बाबा हसले.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्यांच्यावर ओरडू नका. सुरात जरा खाली या. मीही येईन. अजून पुष्कळ जागा आहे खाली. अगदी तळाशी, शंभराच्या आसपास, माझा ट्यूबलाइटमधला चुलता घूंऽऽ करत बसलाय. बाबा त्याला ऐकतच मोठे झाले. तिथपर्यंत मी त्यांना भेटत राहीन.