बाहेर गेलेलं पुस्तक

फणसवाडीतल्या त्या लहानशा वाचनालयात अच्युत नोकरीला लागला, त्याच दिवशी ग्रंथपाल तात्यांनी त्याला एक रीत शिकवली. खणातल्या कार्डांत पुस्तक सापडलं नाही, तरी ‘आमच्याकडे नाही’ म्हणायचं नाही. ‘बाहेर गेलंय’ म्हणायचं. नाही म्हटलं की संस्थेची अब्रू जाते. अच्युत मुळातच भिडस्त. समोरच्याचा चेहरा उतरताना पाहावा लागत नाही, म्हणून ती रीत त्याच्या चटकन अंगवळणी पडली.

परळच्या भोईवाड्याचे रामदास गिरणीच्या रंगखात्यात होते. कापड रंगवण्यावरचं एक मराठी पुस्तक त्यांना हवं होतं. त्यावरच बढतीची परीक्षा होती. पहिल्या शनिवारी अच्युतने कार्डं चाळली, काही मिळालं नाही, आणि ठरलेलं उत्तर देऊन तो मोकळा झाला. पुढचे सहा शनिवार तेच उत्तर देताना त्याने खण उघडलासुद्धा नाही.

आठव्या शनिवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. संध्याकाळी वाचनालयाचं दार उघडलं, पण ट्रामी अजून बंदच होत्या. रामदास परळहून चालत आले. या खेपेला त्यांनी पुस्तक मागितलं नाही; ते ज्याच्याकडे आहे त्याचा पत्ता मागितला. त्याच्या ओट्यावर बसून हवं तेवढं उतरवून घेईन, म्हणाले.

अच्युत नोंदवहीची पानं उगीच उलटत राहिला.

“आम्हांला द्यायचं नसेल तर तसं सांगा,” रामदास हलक्या आवाजात म्हणाले. “गेल्या वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून असलं ऐकून घ्यायची सवय मोडलीय. तरी ऐकून घेईन.”

“तसं नाही हो. पुस्तकच नाही आमच्याकडे. कधीच नव्हतं.”

हे खरं होतं, आणि आजवरच्या साऱ्या थापांहून खोटं वाटलं. रामदासांनी खण मागून घेतला. नीळ चढलेल्या नखांनी त्यांनी एकेक कार्ड पाहिलं; शेवटाला पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून. सापडावं, असं अच्युतलाही वेड्यासारखं वाटत होतं.

“परीक्षा सोमवारी आहे,” खण लोटत ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असतात, तर दादरला विचारलं असतं.”

अच्युत जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेला. उद्या मी दादरला जाऊन बघतो, हे शब्द ओठांशी आले. पण उद्या रविवार. तिथलं वाचनालय बंद. ते शब्द त्याने गिळले. कठड्याला धरून तो खाली मान घालून उभा राहिला, आणि रामदासांच्या वहाणांचा आवाज एकेक पायरी उतरत गेला.